‘अनपेक्षित’ सापडलेले पूर्वज : होनोलुलूतील व्यापारी संकुले, दफनस्थळे आणि कायद्याची भाषा

प्रास्ताविक

जुने बाजार पाडून त्या जागी उंच, झगमगीत आणि अधिक उत्पन्न देणारी संकुले उभारणे हा आजच्या बहुतेक महानगरांचा रिवाज झाला आहे. अशा पुनर्विकासाची चर्चा सामान्यतः जमिनीचे दर, वाहतूक, घरांची गरज आणि विस्थापित होणारे दुकानदार या मुद्द्यांभोवती फिरते. हवाई बेटांची राजधानी असलेल्या होनोलुलू शहरात मात्र या चर्चेत आणखी एक पक्ष उपस्थित असतो. तो बोलत नाही, मतदान करत नाही आणि पायाची खोदाई सुरू होईपर्यंत बहुधा दिसतही नाही. हा पक्ष म्हणजे किनाऱ्यालगतच्या वाळूत पुरलेले मूळ हवाईयन लोकांचे पूर्वज होय.

या पूर्वजांच्या संरक्षणासाठी हवाई राज्याने १९९० साली कायद्यात महत्त्वाची दुरुस्ती केली. मूळ रहिवाशांच्या भावनांची दखल घेणारा कायदा म्हणून त्याचा गौरव होतो आणि तो अनाठायी नाही. तथापि, या कायद्याच्या शब्दयोजनेतच अशी एक फट आहे की, जिच्यातून त्याचा हेतू निसटून जातो, हे दाखवण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. पूर्वज कोण आहेत यापेक्षा ते केव्हा सापडले यावर त्यांचा सन्मान अवलंबून राहतो, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र आहे.

अस्थी आणि भूमी : हवाईयन धारणा

दहनाची आणि अस्थिविसर्जनाची परंपरा परिचित असलेल्या वाचकास या प्रश्नाचे गांभीर्य एकदम उमगणे कठीण आहे. ज्या परंपरेत अस्थी प्रवाहात सोडून मृताला निरोप दिला जातो, तेथे अस्थींचे एका जागी कायम राहणे हे श्रद्धेचे केंद्र नसते. हवाईयन परंपरेची दिशा नेमकी उलटी आहे. तेथे अस्थींना ‘इवी’ आणि पूर्वजांना ‘कुपुना’ म्हणतात. ‘इवी कुपुना’ म्हणजे केवळ मृत शरीराचा अवशेष नव्हे. त्यात ‘माना’, म्हणजे व्यक्तीची आध्यात्मिक शक्ती, वास करते आणि ती ज्या मातीत पुरली जाते त्या मातीला व तेथील वंशजांना बळ देते, अशी धारणा आहे.

ही धारणा भाषेतच रुजलेली आहे. मूळ रहिवासी या अर्थाचा ‘ओइवी’ आणि मायभूमी या अर्थाचा ‘कुलाइवी’ या दोन्ही शब्दांच्या पोटी ‘इवी’ हा शब्द आहे. ‘कानू’ या एकाच क्रियापदाने रोप लावणे आणि मृताला पुरणे या दोन्ही क्रिया सांगितल्या जातात. ज्या भाषेत पुरणे म्हणजे पेरणे असते, तेथे पुरलेली अस्थी उपटून दुसरीकडे नेणे ही वाहतुकीची बाब राहत नाही. ‘स्थलांतर’ हा प्रशासकीय शब्द आणि ‘कुलाइवी’ ही संकल्पना यांच्यात म्हणूनच मूलभूत विसंगती आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. या दफनांवर सामान्यतः शिळा किंवा फलक नसत. अस्थींमधील माना परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून दफनाची जागा गुप्त ठेवण्याचीही प्रथा होती. त्यामुळे जमिनीवर खूण नसणे हे येथे विस्मृतीचे नव्हे, तर जपणुकीचे लक्षण ठरते. १८४८ च्या ‘महेले’ या जमीनवाटपानंतर बेटांवर खासगी मालकी रुजली, १८९३ मध्ये राजसत्ता उलथवण्यात आली आणि १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेस जोडली गेली. या काळात अनेक कुटुंबांचा आपल्या पूर्वजांच्या भूमीवरील ताबा सुटला. जागा गुप्त ठेवणारेच जागेपासून दुरावले आणि जमिनीखाली काय आहे याचा जाणता साक्षीदार नाहीसा होत गेला.

होनोकाहुआ ते १९९० चा कायदा

या प्रश्नाला सार्वजनिक रूप आले ते माउई बेटावरील होनोकाहुआ येथे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील समुद्रकाठच्या वाळूच्या टेकाडावर आलिशान हॉटेल बांधण्यासाठी उत्खनन सुरू झाले आणि त्यात सुमारे ११०० दफने निघाली. मोठ्या प्रमाणावर निषेध झाला. अखेर गव्हर्नर जॉन वायहेए यांच्या कारकिर्दीत काम थांबवण्यात आले. हॉटेल किनाऱ्यापासून आतल्या बाजूस सरकवले गेले, राज्याने ६० लाख डॉलर देऊन ती जागा कायमची संरक्षित करून घेतली आणि अस्थी पुन्हा तेथेच पुरण्यात आल्या. ‘हुई मालामा इ ना कुपुना ओ हवाई नेई’ ही संघटनाही याच संघर्षातून पुढे आली.

१९९० च्या दुरुस्तीची पार्श्वभूमी ही आहे. तिच्यानुसार बेटनिहाय दफनस्थळ परिषदा स्थापन झाल्या. त्यांत निरनिराळ्या प्रदेशांच्या प्रतिनिधींबरोबरच विकासक व मोठे जमीनमालक यांचेही प्रतिनिधी असतात. मृताशी रक्ताचे नाते सिद्ध करू शकणारे ‘थेट वंशज’ आणि त्या परिसरातील जुन्या रहिवाशांशी नाते सांगणारे ‘सांस्कृतिक वंशज’ अशा दोन्ही प्रकारांना मान्यता मिळाली. कालपर्यंत पुरातत्त्वज्ञाच्या यादीतील नमुना असलेल्या अस्थीला कायद्याने नातेवाईक मिळाले, हे या दुरुस्तीचे मोठे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

परंतु याच कायद्याने दफनांचे दोन वर्ग केले. बांधकामापूर्वीच्या सर्वेक्षणात किंवा वंशजांच्या माहितीतून जी कळतात ती ‘पूर्वज्ञात’. आणि काम चालू असताना जी अवचित सापडतात ती ‘अनपेक्षित’. पूर्वज्ञात दफनांबाबत जागेवर जतन की स्थलांतर, याचा निर्णय परिषद घेते आणि त्यासाठी तिला ४५ दिवसांची मुदत असते. अनपेक्षित दफनांबाबत मात्र निर्णयाचा अधिकार परिषदेकडून राज्याच्या वारसाजतन विभागाकडे जातो. ओआहू बेटावर हा निर्णय एक-दोन कामकाजाच्या दिवसांत व्हावा, अशी अपेक्षा असते. सल्लामसलतीची तरतूद आहे. पण यंत्रे थांबलेली, मजूर खोळंबलेले आणि आराखडे मंजूर झालेले असताना त्या सल्ल्याला कितपत वजन राहणार, हा प्रश्न उरतोच.

काकाआको : कायद्याची परीक्षा

होनोलुलूच्या मध्यवर्ती भागाला लागून असलेला काकाआको हा किनारी परिसर या वर्गीकरणाची प्रयोगशाळाच ठरला. एकेकाळी येथे दलदल, मत्स्यतळी, मिठागरे आणि त्यांच्या मधून वाळूचे पट्टे होते. १८५३ च्या देवीच्या साथीत दगावलेल्या अनेकांना याच परिसरात पुरण्यात आले. पुढे भराव घालून जमीन सपाट करण्यात आली. गोदामे, कारखाने व दुकाने आली. १९७६ मध्ये या भागाच्या पुनर्विकासासाठी राज्याने स्वतंत्र प्राधिकरण नेमले.

काकाआकोपासून जवळच असलेल्या केएआउमोकू मार्गावर २००३ साली वॉलमार्टच्या भव्य दुकानाचे काम चालू असताना चाळीसहून अधिक जणांच्या अस्थी सापडल्या. दुकान उभे राहिले, ग्राहक आले. अस्थी मात्र पुनर्दफनाच्या प्रतीक्षेत संकुलाच्या आवारातच वर्षानुवर्षे पडून राहिल्या. कायद्यानुसार सापडणे, नोंदणे आणि सुरक्षित ठेवणे हे सर्व झाले होते. तरीही मृतांचा सन्मान झाला, असे म्हणणे अवघड आहे.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. काकाआकोतील वॉर्ड कुटुंबाच्या जुन्या मालमत्तेवरील व्यापारी संकुले २००२ मध्ये जनरल ग्रोथ प्रॉपर्टीज या कंपनीने घेतली आणि त्यांच्या पुनर्विकासाची योजना आखली. पूर्वसर्वेक्षणात ११ दफने आढळली. ती पूर्वज्ञात असल्याने प्रश्न ओआहूच्या परिषदेपुढे आला आणि २००६ मध्ये परिषदेने स्थलांतरास संमती दिली. त्यानंतर प्रत्यक्ष खोदाईत आणखी अस्थी मोठ्या संख्येने निघाल्या. त्या अर्थातच ‘अनपेक्षित’ ठरल्या. पॉलेट कालेइकिनी या सांस्कृतिक वंशज महिलेने परिषदेच्या निर्णयाविरुद्ध रीतसर सुनावणी मागितली, ती नाकारण्यात आली. प्रकरण न्यायालयात चालू असतानाच अस्थी जागेवरून हलल्या आणि आता वादच उरला नाही, असे मधल्या न्यायालयाने ठरवले. २०१० मध्ये हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न सार्वजनिक हिताचा असल्याचे सांगून सुनावणीचा हक्क मान्य केला.

या निकालाचे महत्त्व निर्विवाद आहे. पण त्यातील विसंगतीही नजरेआड करता येत नाही. हक्क सिद्ध झाला तेव्हा ज्यांच्यासाठी तो मागितला होता, त्या अस्थी मूळ जागी नव्हत्या. त्याच वर्षी वॉर्ड परिसराची मालकी हॉवर्ड ह्यूज कॉर्पोरेशनकडे गेली आणि सुमारे ६० एकरांवर निवासी मनोरे व दुकानांची नवी वसाहत उभी राहू लागली.

‘अनपेक्षित’ या शब्दाची चिकित्सा

आता मूळ शब्दाकडे वळता येईल. एखादी गोष्ट अनपेक्षित आहे असे म्हणताना, ती अपेक्षिण्यास कोणतेही कारण नव्हते असे गृहीत धरलेले असते. काकाआकोच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. वाळूचे थर कोठे आहेत हे मृदाविज्ञानाला ठाऊक आहे. वस्ती कोठे होती हे जुने नकाशे व जमिनीचे दावे सांगतात. साथीतील दफनांची नोंद इतिहासात आहे. शेजारच्या भूखंडावर काय निघाले हे वर्तमानपत्रांतून छापून आले आहे. इतके असूनही पुढच्या भूखंडावरील अस्थी जर अनपेक्षित ठरत असतील, तर हा शब्द वस्तुस्थितीचे वर्णन करत नाही. शोधाच्या अपुरेपणाला तो प्रतिष्ठा देतो.

सर्वेक्षण म्हणजे ठराविक ठिकाणी चाचणी-चर खोदणे होय. चर किती, कोठे आणि किती खोल घ्यायचे यावर सापडणाऱ्या दफनांची संख्या अवलंबून असते. सर्वेक्षणाचा खर्च विकासक करतो आणि पुरातत्त्वज्ञ त्यानेच नेमलेला असतो. कमी शोधल्यास कमी सापडते. कमी सापडल्यास परिषदेचा अधिकार आकुंचित होतो. आणि उरलेले सारे अशा क्षणी उघडे पडते की, जेव्हा आराखडा बदलणे जवळपास अशक्य झालेले असते. येथे कोणाच्या हेतूवर आरोप करण्याचे कारण नाही. दोष रचनेतच आहे. ज्या अज्ञानाचा लाभ होतो, ते दूर करण्याची जबाबदारी लाभार्थ्यावरच सोपवलेली आहे.

हा मुद्दा न्यायसंस्थेच्याही लक्षात आला होता. होनोलुलूच्या सुमारे ३२ किलोमीटरच्या रेल्वे प्रकल्पाचा मार्ग काकाआकोतून आला मोआना या प्रचंड खरेदी संकुलापर्यंत नियोजित होता. सर्वेक्षण टप्प्याटप्प्याने करून एका टोकाला बांधकाम सुरू करण्यास राज्याने परवानगी दिली होती. कालेइकिनी यांच्याच याचिकेवर ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण मार्गाचे सर्वेक्षण आधी पूर्ण झाले पाहिजे, असा निर्णय दिला. सर्वेक्षण झाले आणि २०१३ मध्ये काम पुन्हा सुरूही झाले. आधी शोधणे म्हणजे विकास रोखणे नव्हे, हे यातून स्पष्ट झाले. परंतु त्याच वर्षी विधिमंडळाने कायद्यात बदल करून टप्प्याटप्प्याच्या तपासणीस वाट मोकळी करून दिली. न्यायालयाने बुजवलेली फट अशा रीतीने पुन्हा उघडली गेली.

प्रतिवादाचा विचार

या भूमिकेवर काही आक्षेप संभवतात. जमिनीखालचा प्रत्येक सांगाडा आधी शोधणे तंत्रदृष्ट्या अशक्य आहे. उभ्या इमारतींखाली चर खोदता येत नाहीत. आणि शोधण्यासाठी खोदणे हीदेखील मृतांची विटंबनाच आहे. यांपैकी शेवटचा आक्षेप स्वतः वंशजांकडूनही येतो, म्हणून तो विशेष गंभीर आहे. शिवाय हा संघर्ष ‘मूळ रहिवासी विरुद्ध परके’ इतका सरळही नाही. परिषदेने स्वतःच स्थलांतरास संमती दिल्याचे वर पाहिलेच. मूळ हवाईयन ख्रिस्ती परंपरेशी दृढ नाते असलेल्या होनोलुलूतील कावायाहाओ चर्चच्या नव्या इमारतीसाठीही शेकडो दफने उकरली गेली आणि २०१२ मध्ये न्यायालयाला तेथेही पूर्वसर्वेक्षणाची गरज सांगावी लागली.

हे आक्षेप मान्य केले तरी मूळ युक्तिवादाला बाध येत नाही. प्रत्येक अस्थी आधी सापडणार नाही हे खरे. पण उशिरा सापडल्याची शिक्षा अस्थीने का भोगावी, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. खोदणे क्लेशदायक आहे हेही खरे. म्हणूनच खोदण्याआधी इतिहास, मौखिक परंपरा आणि मातीचा पुरावा यांना अधिक मान दिला पाहिजे. वंशजांत मतभेद असतात हेही खरे. परंतु मतभेद व्यक्त करण्यासाठी वेळ आणि अधिकार लागतो आणि ‘अनपेक्षित’ हा वर्ग नेमक्या याच दोन गोष्टी हिरावून घेतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, हवाईच्या कायद्याने मृतांना नातेवाईक दिले, पण त्या नातेवाइकांचा आवाज शोधाच्या तारखेला बांधून ठेवला. ज्या परिसरात दफने असल्याचे इतिहास, परंपरा व भूरचना एकमुखाने सांगतात, तेथे सापडणारी प्रत्येक अस्थी, मग ती कोणत्याही दिवशी सापडो, पूर्वज्ञातच मानली जावी आणि तिचा निर्णय परिषद व वंशज यांच्याकडेच राहावा, हा यावरील सुसंगत उपाय ठरेल. त्यामुळे पुरेसे न शोधण्यात विकासकाला काही लाभ उरणार नाही. उलट आधी शोधून आराखडा जुळवून घेणे त्याच्याच हिताचे होईल.

हवाईयन भाषेत ‘कुलेआना’ हा एकच शब्द हक्क आणि जबाबदारी या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. जमीन विकत घेणाऱ्यास तिच्यावर बांधण्याचा हक्क मिळतो, याबद्दल वाद नाही. त्या हक्काबरोबर तिच्यात पेरलेल्या माणसांची जबाबदारीही येते, हे तत्त्व अजून कायद्याच्या भाषेत पुरते उतरलेले नाही. ते उतरेपर्यंत काकाआकोत नव्या मनोऱ्याच्या पायाखाली निघणाऱ्या पूर्वजांची नोंद कायद्याच्या दप्तरी ‘अनपेक्षित’ म्हणूनच होत राहील.