न उच्चारलेली गोळी

दुपारी मुलगा बाहेरून येतो आणि आई विचारते,

"आणलीस का रे?"

"आणली. सकाळची घेतलीस?"

"नाही, जेवल्यावर घेते."

"आत्ताच घे. तुझं ते मात्र विसरलो."

"राहू दे, उद्या आण."

हा संवाद मी रचलेला आहे, पण असे संवाद मराठी घरांत रोज होतात. यात एकाही कर्माचं नाव येत नाही. तरी दोघांपैकी कुणी अडखळत नाही, आणि आपल्यालाही ऐकता ऐकता अंदाज येतो की बोलणं गोळीचं असावं. हे कसं साधतं, ते पाहण्यासारखं आहे.

'आणलीस' हा शब्द जरा उकलून बघा. 'आण' ही क्रिया. 'ली' सांगते की आणलेली वस्तू एक आहे आणि स्त्रीलिंगी आहे. शेवटचा 'स' सांगतो की आणणारा 'तू' आहेस. कर्ता गाळला, कर्म गाळलं, आणि दोघांच्याही खुणा एकाच क्रियापदाच्या शेपटाशी येऊन बसल्या. शाळेत आपण याला 'कर्तृ-कर्म संकर' म्हणून पाठ केलं आणि परीक्षेनंतर सोडून दिलं. मला मात्र ही मराठीतली एक अतिशय देखणी रचना वाटते. आणणारा मुलगा की मुलगी, हे 'आणलीस' सांगत नाही, ते काम 'रे' करतो. क्रियापदाला काळजी आहे ती वस्तूच्या लिंगाची.

अर्थात 'ली' एवढ्याने गोळी कळत नाही. भाजी, पावती, छत्री, सगळ्याच स्त्रीलिंगी. निवड ऐकणारा करतो. आपल्या शास्त्रकारांनी यासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी असे शब्द योजले. 'आण' ही क्रिया कर्म मागते, तिला शोभेल असंच कर्म चालतं, आणि ते हाताशी असावं लागतं. सकाळी घरात ज्याची चर्चा झाली, ते हाताशी असतं.

मीमांसकांमध्ये यावर एक जुना वाद आहे. कुणी 'दार' एवढंच म्हटलं, तर ऐकणारा 'लाव' हा शब्द मनात भरतो, की केवळ लावण्याचा अर्थ? कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात शब्द, प्रभाकरांचे म्हणतात अर्थ. मराठीपुरता मी निःशंकपणे भाट्टांच्या बाजूचा आहे. पुरावा वरच्या संवादातच आहे. गोळी तीच, पाकीट तेच. पण मुलाच्या मनात 'औषध' हा शब्द असता, तर तो 'सकाळचं घेतलंस?' म्हणाला असता, आणि 'डोस' असता तर 'सकाळचा घेतलास?'. वस्तू बदलली नाही, तरी क्रियापद बदललं. म्हणजे गाळलेल्या जागी नुसती वस्तू नाही, तिथे एक नेमका शब्द आपलं लिंग सांभाळून बसलेला आहे.

सगळ्या भाषा हे करत नाहीत. जपानीत 'ताबेता' म्हटलं की खाल्लं एवढंच कळतं. कुणी आणि काय, याची एकही खूण नाही, सारा भार ऐकणाऱ्यावर. हंगेरियनमध्ये 'सेरेतलेक' या एका शब्दात 'मी' आणि 'तुला' दोन्ही सामावतात, पण लिंग त्या भाषेत नाहीच.

मराठीतली खूण कधी कधी शब्दाच्याही पुढे टिकते. 'त्याने एक ठेवून दिली' असं ऐकल्यावर 'काय ठेवली?' असं कुणी विचारत नाही. थप्पड की चपराक, हे ठरवण्याची गरजच उरलेली नाही. 'एक' आणि स्त्रीलिंगी 'दिली' तेवढे राहिले, आणि गाल मात्र लाल झाला.

पण ही सोय सर्वत्र नाही. आईचं 'घेते' पुन्हा ऐका. त्यातला 'ते' आईचा आहे, गोळीचा नाही. वर्तमानकाळ कर्त्यामागे जातो आणि कर्माची खूण पुसतो. आज्ञार्थी 'घे'मध्ये तर काहीच नाही. तरी तिथे अडत नाही, कारण आधीच्या 'आणली' आणि 'घेतलीस'ने गोळीला संवादात पक्की जागा दिलेली असते.

'विसरलो'चं तसं नाही. भूतकाळ असूनही 'आणणे'सारखं हे क्रियापद कर्माचं ऐकत नाही. पुस्तक विसरलो, छत्री विसरलो, चष्मा विसरलो, सगळीकडे 'मी'च. मुलाला आता नव्याच वस्तूबद्दल बोलायचं आहे आणि क्रियापद मदतीला येत नाही. म्हणून पूर्ण संवादात इथेच त्याला सर्वनाम घ्यावं लागलं, 'तुझं ते'. त्या दोन नपुंसकलिंगी शब्दांवर आईचं काम भागलं. गुडघ्याला लावायचं मलम संपलंय हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने 'काय?' असं विचारलंच नाही, सरळ 'उद्या आण' म्हणाली.