आचार्यमुष्टी आणि वाद्यविद्या : गुत्तिल-जातक व उस्ताद अल्लाउद्दीन खाँ

पालि वाङ्मयाचा संगीताकडे पाहण्याचा दृष्टिकोन केवळ निषेधाचा आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. नृत्य, गीत व वादन यांपासून दूर राहण्याचे शिक्षापद सर्वांना ठाऊक असते आणि विचार तेथेच थांबतो. परंतु ते शिक्षापद श्रामणेरांसाठी, भिक्षूंसाठी आणि उपोसथ पाळणाऱ्या उपासकांसाठी आहे; वादकाच्या कलेचे मूल्यमापन करणे हा त्याचा हेतू नाही. ते मूल्यमापन पाहावयाचे असेल तर अन्यत्र वळावे लागते. दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात पञ्चसिख गंधर्व बेलुवपंडु वीणेवर स्वतः रचलेले प्रेमगीत गातो. भगवान त्याला अडवीत नाहीत. तारेचा स्वर आणि कंठाचा स्वर एकमेकांना झाकत नाहीत, हा गुण ते नेमका हेरतात आणि विचारतात, की ही रचना केव्हा केली? संगीतकाराला विचारण्याजोगा याहून योग्य प्रश्न आम्हांस सुचत नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही एका जातकाची चिकित्सा करणार आहोत, आणि ती पूर्ण व्हावी म्हणून विसाव्या शतकातील एका वादकाचे चरित्र त्याच्या शेजारी ठेवणार आहोत. जातक आहे दुकनिपातातील गुत्तिल-जातक (क्रमांक २४३), आणि वादक आहेत मैहरचे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. एक कथा आहे व दुसरा इतिहास, हा भेद आम्ही विसरलेलो नाही. तथापि दोहोंत प्रश्न एकच आहे : आचार्याने आपली मूठ किती उघडावी, आणि उघडली तर तिचे मोल कोणी द्यावे?

कथा थोडक्यात अशी. वाराणसीचा वीणावादक गुत्तिल अविवाहित राहून आपल्या अंध मातापित्यांचा सांभाळ करतो. उज्जेनीचा वादक मूसिल त्याच्याकडे शिकावयास येतो. अंगलक्षणांवरून हा मनुष्य कृतघ्न निघेल हे गुत्तिल ओळखतो व प्रथम नकार देतो. परंतु मातापित्यांच्या शब्दाखातर त्याला स्वीकारतो आणि काहीही राखून न ठेवता सर्व विद्या देतो. पुढे राजदरबारी मूसिलाला आचार्याच्या निम्मे वेतन देऊ केले जाते. विद्या समान, तर वेतनही समान हवे, असा तो आग्रह धरतो. राजा स्पर्धा ठरवितो. वृद्ध गुत्तिल अपमानाच्या भयाने अरण्यात जातो, मरणाच्या भयाने परत येतो. त्याच्या येरझाऱ्यांनी गवत मरून पायवाट पडते. अखेरीस सक्क प्रकट होतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे गुत्तिल भर सभेत वीणेची एकेक तार तोडीत जातो आणि तुटलेल्या टोकांतून स्वर निघत राहतात. मूसिल पराभूत होतो व जमावाच्या हातून मारला जातो.

येथे पालि अभ्यासकाने पहिली गोष्ट ध्यानात घ्यावयाची ती ही, की जातकातील मूळ भाग गाथांचा. गद्य अट्ठकथेचे आहे. या जातकात गाथा दोनच आहेत. पहिलीत गुत्तिल सक्काला सांगतो, की ज्याला मी सप्ततंत्री वीणा शिकविली तोच मला रंगमंचावर आव्हान देत आहे, तेव्हा तू माझा आधार हो. दुसरीत सक्क आचार्यपूजक म्हणून अभय देतो आणि शिष्य जिंकणार नाही, आचार्यच जिंकेल असे आश्वासन देतो. गाथा येथेच संपतात. तुटलेल्या तारा, अप्सरांचे नृत्य, जमावाचा क्रोध हे सर्व गद्यात येते. म्हणजे प्राचीन स्तरात जे आहे ते वृद्ध कलावंताचे भय आणि त्याला मिळालेला धीर, एवढेच. चमत्कार हा पुढील कथनकाराने त्या भयाला दिलेला उपाय होय.

आमच्या मते तो उपाय कलेच्या दृष्टीने दुबळा आहे. स्पर्धा कोण श्रेष्ठ वाजवितो याची होती. निर्णय मात्र देवाच्या साहाय्याने लागला. तारा शाबूत असताना दोघांचे वादन कसे झाले, याविषयी कथनकार फरक दाखवू शकत नाही. कारण सर्व विद्या दिली हे त्यानेच आधी सांगितले आहे. शिवाय मूसिलाला तो आरंभापासूनच हास्यास्पद ठरवितो. त्याचे वीणावादन ऐकून वाराणसीच्या व्यापाऱ्यांना तो अद्याप तारा जुळवीत आहे असे वाटते. गुत्तिलाच्या घरी त्याने वीणा छेडताच अंध वृद्धांना उंदीर तार कुरतडत असल्याचा भास होतो. शेवटी समोधानात तो देवदत्त ठरतो. इतकी तयारी केल्यावर समान वेतनाच्या मागणीत काही तथ्य होते काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतच नाही. वस्तुतः तो उरावयास हवा. मूसिलाचा दोष मागणीत नाही; जो आपल्याला घडवितो त्याच्या वार्धक्याचा हिशेब करून त्याला सभेत खेचण्यात तो दोष आहे.

मग या जातकाचे खरे बळ कोठे आहे? आमच्या मते ते तुटलेल्या तारेत नसून, कृतघ्नता आधी ओळखूनही मूठ न मिटण्यात आहे. महापरिनिब्बानसुत्तात तथागत आनंदाला सांगतात, की आपल्या धर्मात आचार्यमुष्टी नाही. अट्ठकथाकार तोच शब्द बोधिसत्त्वाच्या वाद्यविद्येला लावतो. ज्या समाजात विद्या ही कुळाची ठेव मानली जाई, तेथे हा शब्द वीणेच्या संदर्भात यावा ही लहान गोष्ट नव्हे.

आता मैहरकडे वळू. अल्लाउद्दीन खाँ यांचा जन्म आजच्या बांगलादेशातील ब्राह्मणबाडिया परिसरात, शिबपूर या गावी झाला. संगीताच्या ओढीने ते लहानपणीच घर सोडून कलकत्त्यास आले. तेथे नुलो गोपाल यांच्याकडे गायनाचे कठोर शिक्षण झाले. प्लेगने गुरूंचा मृत्यू झाल्यावर ते वाद्यांकडे वळले. विवेकानंदांचे नातलग अमृतलाल दत्त ऊर्फ हाबू दत्त यांच्याकडे त्यांनी अनेक वाद्ये हाताळली, आणि लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकले. सनई, तालवाद्ये, पुढे अहमद अली खाँ यांच्याकडे सरोद, आणि अखेरीस रामपूर दरबारचे बीनकार वजीर खाँ यांचे शिष्यत्व, असा हा प्रवास आहे. रामपुरात त्यांना दीर्घकाळ केवळ तिष्ठत राहावे लागले, आणि तानसेनाच्या परंपरेतील बीन ही कुळाबाहेर दिली गेली नाही, असे त्यांच्या चरित्रांतून सांगितले जाते.

त्यांच्या बहुवाद्यकौशल्याची प्रशंसा सर्वच करतात. परंतु ते जन्मजात चमत्काराप्रमाणे वर्णिले जाते हे आम्हांस मान्य नाही. ज्याला एकाच घराचे दार पूर्ण उघडे मिळते तो बहुधा एकाच वाद्यावर स्थिरावतो. अल्लाउद्दीन खाँ यांच्या जीवनक्रमाकडे पाहता आम्ही असे अनुमान करतो, की त्यांची अनेक वाद्ये ही अनेक अर्धवट उघडलेल्या मुठींची बेरीज आहे. जेथे जेवढे मिळाले तेवढे घेतले. पुढचे मिळेना तेव्हा दुसऱ्या दारी गेले. वंचनेतून जमलेली ही शिदोरी पुढे संपन्नता ठरली, कारण तिच्या धन्याने ती परत वाटून टाकली.

मैहर संस्थानचे राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या आश्रयास आल्यावर, १९१८ च्या साथीत अनाथ झालेल्या मुलांना एकत्र करून त्यांनी वाद्यवृंद उभा केला. सतार, सरोद, इसराज यांच्याबरोबर त्यात चेलोसारखी पाश्चात्त्य वाद्येही होती. बंदुकीच्या नळ्या कापून सिद्ध केलेले नलतरंग हे त्यांचे स्वतःचे वाद्य होते. या वृंदासाठी त्यांनी रचना केल्या आणि ज्या मुलांच्या कुळात वाद्य नव्हते त्यांच्या हाती त्या दिल्या. शस्त्राच्या नळीतून स्वर काढण्याचे रूपक कोणी केले तर आमची हरकत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट ती वाजविणारे हात कोणाचे होते ही आहे. हा वृंद त्यांच्या पश्चातही टिकून राहिला. हेमंत, हेमबिहाग, मदनमंजरी यांसारखे त्यांचे रागही शिष्यांच्या वादनातून मैहरबाहेर गेले. पञ्चसिखाला विचारलेला ‘केव्हा रचले’ हा प्रश्न त्यांना विचारला असता, तर उत्तरात शिष्यांचीच नावे आली असती, असे आम्हांस वाटते.

तथापि गुणगान एवढ्यावर थांबविणे हे समीक्षेचे काम नव्हे. मूठ उघडी होती, परंतु हात कठोर होता. उस्तादांचा कोप व मारहाण यांच्या आठवणी शिष्यांनीच सांगितल्या आहेत. पुत्र अली अकबर यांचे बालपण या शिस्तीखाली करपले, आणि ते एकदा घर सोडून निघूनही गेले. येथे सोण कोळिविसाची कथा आठवावी. चंक्रमणाने ज्याचे पाय रक्तबंबाळ झाले त्या सोणाला भगवंतांनी त्याच्याच वीणेचा दाखला दिला : तार अति ताणली तरी स्वर लागत नाही, अति सैल सोडली तरीही नाही. हा दृष्टांत साधकासाठी आहे. पण तो वीणेवरून घेतला असल्याने वीणा शिकविणाऱ्यासही लागू पडावा. मैहरच्या कठोर शिस्तीने थोर वादक घडविले असे म्हणणाऱ्यांनी, त्या ताणाने किती तारा तुटल्या याचाही विचार करावा. तुटलेल्या तारेतून स्वर निघतो तो केवळ जातकात.

अन्नपूर्णादेवींची हकीकत याच संदर्भात महत्त्वाची आहे. थोरल्या मुलीला सासरी संगीतापायी भोगावे लागल्याने धाकट्या मुलीला शिकवावयाचे नाही, असे उस्तादांनी ठरविले होते असे सांगतात. भावाचा चुकलेला स्वर ती खेळता खेळता दुरुस्त करीत असल्याचे त्यांनी ऐकले आणि निश्चय सोडला. म्हणजे आयुष्यभर मुठी उघडवीत हिंडलेल्या मनुष्यानेही एकदा मूठ मिटली होती. ती उघडली एका बालिकेच्या कानाने. याच अन्नपूर्णादेवी सुरबहारच्या श्रेष्ठ वादक झाल्या, पुढे त्यांनी जाहीर वादन सोडले, आणि २०१८ साली निधन होईपर्यंत मुंबईत राहून शिष्य घडविले. निखिल बॅनर्जी व हरिप्रसाद चौरसिया यांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले. सभेचे दार त्यांनी बंद केले, विद्येचे नाही.

१९७२ साली अल्लाउद्दीन खाँ यांचे मैहर येथे निधन झाले. तोपर्यंत त्यांच्या शिष्यांची कीर्ती व प्राप्ती त्यांच्याहून कितीतरी अधिक झालेली होती. रविशंकर व अली अकबर यांना जगाने ऐकले; पन्नालाल घोष यांनी बासरीला मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले आणि १९६० साली आचार्यांच्या आधीच जगाचा निरोप घेतला. मूसिलाला जे हवे होते ते या शिष्यांना स्पर्धेवाचून मिळाले. याचे एक कारण, आम्हांस वाटते, बहुवाद्यविद्येतच आहे. गुत्तिल व मूसिल यांच्यापुढे वीणा एक होती आणि आसनही एकच होते. मैहरच्या आचार्यांनी एकाला सतार, एकाला सरोद, एकाला बासरी, कन्येला सुरबहार दिली, आणि सतार दोघांना दिली तरी रविशंकर व निखिल बॅनर्जी यांचे वादन एकसारखे झाले नाही. आचार्याची प्रत होण्याची सक्ती नसेल, तर त्याचे आसन बळकावण्याचे प्रयोजनही उरत नाही.

गुत्तिल-जातकाचा शेवट सहसा कोणी लक्षपूर्वक वाचीत नाही. विजयानंतर गुत्तिलाला तावतिंस लोकी नेले जाते. तेथे वादनाचे मोल म्हणून तो धन मागत नाही. तेथील देवकन्यांनी कोणते पुण्य केले ते ऐकावयास मागतो. कोणी वस्त्र दिले होते, कोणी फुले, कोणी फळ. विमानवत्थूत ही उत्तरे विस्ताराने आली आहेत. वेतनाच्या भांडणातून सुरू झालेली कथा अशा रीतीने लहानशा दानांच्या श्रवणाशी येऊन थांबते. राजाच्या सभेत मिळालेल्या विजयापेक्षा हा शेवट आम्हांस अधिक खरा वाटतो. ज्यांच्या हाती काही विद्या आहे त्यांनी, मग ती वीणेची असो वा पालि व्याकरणाची, तो वाचून आपली मूठ एकदा तपासून पाहावी.