सिंफनी संगीताचे आदर्श सभागृह : निनादकालापलीकडील विचार

सिंफनी संगीतासाठी आदर्श सभागृह कोणते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका आकड्यात दिले जाते : श्रोत्यांनी भरलेल्या सभागृहात सुमारे २ सेकंदांचा निनादकाल. हा निकष आवश्यक आहे. पुरेसा मात्र नाही.

या निकषाचा पाया वॉलेस सॅबिन यांनी घातला. हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या (आणि पीएच.डी. न केलेल्या) या अध्यापकाने १८९५ पासून आसनांवरील गाद्या आतबाहेर करून ध्वनी विरण्यास लागणारा काळ मोजला. निनादकाल घनफळाच्या सम व ध्वनिशोषणाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे त्यांचे सूत्र. बॉस्टनचा सिंफनी हॉल (१९००) या सूत्राचा विजय मानला जातो. तथापि त्याचे सारे श्रेय सूत्राला देणे योग्य ठरणार नाही. सॅबिन यांच्यापुढे लाइपझिगच्या गेवांडहाउसचा लांबट, पेटीसारखा नमुना होता. व्हिएन्नाचे म्युझिकफराइन (१८७०) तर या सूत्राच्याही आधीचे. तेथील सुवर्ण सभागृहाची रुंदी जेमतेम १९ मीटर. जवळच्या भिंतींवरून परावर्तित ध्वनी मूळ ध्वनीच्या पाठोपाठ दोन्ही बाजूंनी कानी येतो आणि श्रोता जणू संगीताच्या आत बसतो. या पार्श्विक परावर्तनांचे महत्त्व हॅरल्ड मार्शल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले.

न्यूयॉर्कचे उदाहरण अधिक बोलके आहे. पन्नासहून अधिक सभागृहांचा अभ्यास केलेले लिओ बेरानेक सल्लागार असूनही १९६२ चा फिलहार्मॉनिक हॉल फसला. आसने वाढवण्याच्या आग्रहापायी मूळ आराखड्याचा आकार बदलला गेला. खर्जातील स्वर क्षीण झाले, वादकांना परस्परांचे वादन नीट ऐकू येईना. १९७६ मध्ये अंतर्भाग पाडून नव्याने बांधला गेला, तरी आसने २,७०० हून अधिकच राहिली. २०२२ च्या पुनर्रचनेत ती सुमारे २,२०० वर आली. साठ वर्षांचा हा घोळ ध्वनिशास्त्रापेक्षा तिकीटविक्रीच्या हिशेबाचा अधिक होता.

पेटीचा आकार हाच एकमेव मार्ग, असेही नव्हे. बर्लिनच्या फिलहार्मोनीत (१९६३) हान्स शारून यांनी वाद्यवृंदाभोवती श्रोते बसवले. द्राक्षमळ्याच्या पायऱ्यांसारख्या सज्जांच्या बुटक्या भिंती तेथे परावर्तनाचे काम करतात. मात्र वाद्यवृंदामागच्या श्रोत्याला गायकाच्या पाठीवर समाधान मानावे लागते. व्हिएन्नात अगदी मागे उभे राहून ऐकणाराही गायकाच्या समोरच असतो.