पडद्यावर काहीच नसताना

कलावंतांच्या प्रयोगशील चित्रपटांविषयी आपण बोलतो तेव्हा बोलतो ते चित्राबद्दलच. आवाज मागे राहतो. म्हणून आज दोनच कृती घेऊ. दोन्हींत बघायला जवळजवळ काही नाही, आणि तरी त्या थिएटरातच दाखवायला हव्यात असं आमचं मत आहे.

पहिली वाल्टर रुटमान यांची ‘वीकएंड’, १९३० सालची. रुटमान यांनी करवत, टाइपरायटर, घंटा, कोंबडा असे आवाज फिल्मच्या ध्वनिपट्टीवर मुद्रित केले, कापले, जोडले. चित्र घेतलंच नाही. साधारण अकरा मिनिटांत शनिवारचं काम संपतं, सुट्टी होते, सोमवार उजाडतो. ती त्याच वर्षी बर्लिनच्या रेडिओवर लागली होती. मग थिएटर कशाला? कारण हे जोडकाम सिनेमाचंच आहे. अंधारात पडद्याकडे तोंड करून बसलो की प्रत्येक जोडाला डोळा चित्र शोधायला धावतो. हेडफोनवर ही धाव होत नाही. अशा वेळी आयोजक घाबरतात आणि पडद्यावर रुटमान यांचा फोटो लावून टाकतात. तेवढ्याने सगळं संपतं!

दुसरी डेरेक जार्मन यांची ‘ब्लू’, १९९३. सव्वा तासाहून जास्त वेळ पडद्यावर एकच निळा रंग. एड्समुळे जार्मन यांची दृष्टी जात चालली होती. दवाखाना, औषधं, गेलेल्या मित्रांची नावं, हे सारं आवाजातून येतं. ब्रिटनमध्ये ती चॅनल फोर आणि बीबीसी रेडिओ थ्री यांनी एकाच वेळी प्रसारित केली. पण थिएटरात एक गोष्ट जास्तीची घडते. तो निळा उजेड आपल्यावर पडतो. शेजारच्याचा चेहरा निळा दिसतो, आणि आजाराविषयी आपण एकटे ऐकत नाही हे उमजतं.

पीटर कुबेल्का यांनी १९७० साली न्यूयॉर्कच्या अँथॉलॉजी फिल्म आर्काइव्ह्ज या संस्थेसाठी ‘अदृश्य सिनेमा’ रचला होता. सगळं काळं, दोन खुर्च्यांच्या मध्ये आडोसा, शेजारी दिसू नये म्हणून. ‘वीकएंड’ला ते नामी ठरलं असतं. ‘ब्लू’चं मात्र निम्मं मोल तिथे हरवलं असतं, असं आम्ही स्पष्ट म्हणतो. म्हणजे ‘प्रायोगिक’ अशी एक पाटी लावून दोन्ही एकाच पद्धतीने दाखवता येत नाहीत. कलादालनात तर लोक मध्येच येतात, तीन मिनिटं बघतात, जातात. आपल्याकडच्या थिएटरात मध्यंतर घुसतं, हा वेगळाच छळ.

आणखी एक अडचण खास आपली. ‘ब्लू’ इंग्रजीत आहे. मराठी प्रेक्षकांसाठी खाली उपशीर्षकं टाकली तर डोळा सव्वा तास पांढऱ्या अक्षरांना चिकटतो. निळा रंग नुसती पाटी होऊन बसतो. न टाकली, तर इंग्रजी न कळणारा माणूस जार्मनच्या मरणाबाहेर राहतो. दुसरा अन्याय मोठा, यात वाद नको. आम्हाला त्यातल्या त्यात बरा वाटतो तो उपाय असा: मराठी मजकूर छापून अर्धा तास आधी हातात द्यावा, दिवे चालू असताना निवांत वाचू द्यावा, मग अंधार करावा. वाक्यन् वाक्य लक्षात राहणार नाही, पण कोण बोलतंय आणि कशाने मरतंय एवढं घेऊन माणूस बसेल. आणि प्रास्ताविक दोन मिनिटांत आवरा. कागद दिलाय ना!