अँड्रॉइडमधील बटणांची सामायिक पार्श्वभूमी : एक चिकित्सा

प्रस्तावना :
अँड्रॉइड ॲपमध्ये स्वतःच्या रचनेची बटणे तयार करताना अनेक बटणांना एकच पार्श्वभूमी दिली जाते. ही पार्श्वभूमी रंगविणाऱ्या ऑब्जेक्टला ‘ड्रॉएबल’ म्हणतात. एका बटणाची पारदर्शकता बदलली असता इतर बटणेही फिकट होतात, असा अनुभव प्रोग्रामरला येतो. हा दोष त्याच्या अज्ञानाचा की मूळ रचनेचा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रचनेमागील भूमिका :
२००८ साली आलेल्या एचटीसी ड्रीम या पहिल्या अँड्रॉइड फोनमध्ये एका ॲपला केवळ १६ एमबी हीप मिळत असे. त्यामुळे काटकसर अपरिहार्य होती. एकाच रिसोर्समधून मागितलेले ड्रॉएबल दर वेळी नवे असले, तरी त्यांच्यामागील ‘कॉन्स्टंट स्टेट’ सामायिक असते. गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडिस यांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ (१९९४) या ग्रंथातील ‘फ्लायवेट’ या रचनेशी तिचे नाते उघड आहे.

चिकित्सा :
फ्लायवेटची मूळ अट अशी की, संदर्भानुसार न बदलणारा भागच सामायिक असावा. चित्राचे पिक्सेल या अटीत बसतात आणि मेमरीही तेच व्यापतात. पारदर्शकता व रंगाचे फिल्टर मात्र बटणागणिक बदलू शकतात, आणि त्यांना जागाही नगण्य लागते. तरीही बिटमॅप ड्रॉएबलमध्ये ती सामायिक भागातच ठेवली आहेत. एक्सएमएलमध्ये घोषित केलेले मूल्य प्रत्येक नव्या ड्रॉएबलला आपोआप मिळावे, ही सोय त्यातून साधते हे खरे. परंतु नंतर केलेला बदल सर्वत्र पसरतो, ही त्याची किंमत होय.

यावर ‘म्युटेट’ ही मेथड उपाय म्हणून दिलेली आहे. नावावरून ती काही बदल घडविते असे वाटते. वस्तुतः ती केवळ स्टेट वेगळी करते. बिटमॅप त्यानंतरही सामायिकच राहतो, म्हणजे मूळ बचत फारशी कमी होत नाही. मग मूल्य बदलताना हे विलगीकरण आपोआप का होऊ नये, हा प्रश्न रास्त ठरतो.

येथे आणखी एका प्रकाराशी गल्लत होते. एकच ड्रॉएबल ऑब्जेक्ट दोन बटणांना दिल्यास मर्यादाचौकट, दाबल्याची अवस्था आणि कॉलबॅक या तिन्ही गोष्टी एकाच ऑब्जेक्टवर राहतात. कॉलबॅक तर एका वेळी एकाच बटणाचा असू शकतो. परिणामी एका बटणाची पार्श्वभूमी दुसऱ्याच्या मापाने रंगू शकते. येथे ‘म्युटेट’ निरुपयोगी ठरते. कॉन्स्टंट स्टेटमधून ‘न्यूड्रॉएबल’द्वारे प्रत्येक बटणासाठी स्वतंत्र ऑब्जेक्ट घ्यावा लागतो.

निष्कर्ष :
सामायिकतेचे तत्त्व योग्य आहे. काय सामायिक असावे याची सीमारेषा मात्र सदोष आहे. पहिल्या प्रकारातील दोष म्हणूनच रचनेकडे जातो. दुसऱ्या प्रकारात जबाबदारी प्रोग्रामरची आहे. अध्यापनात ‘म्युटेट’ हा सरसकट तोडगा म्हणून न सांगता, स्टेट सामायिक असणे आणि ऑब्जेक्टच सामायिक असणे यांतील भेद विद्यार्थ्यांपुढे स्पष्टपणे मांडला जाणे आवश्यक आहे.