न आवडण्याची कारणे

महाराष्ट्रातील दहावीच्या 'कुमारभारती'च्या परीक्षेत कवितेवर एक छोटी कृती असते. कवीचे नाव, विषय, स्थायीभाव, मिळणारा संदेश असे मुद्दे ठरलेले आहेत. त्यांतलाच एक मुद्दा 'कविता आवडण्याची वा न आवडण्याची कारणे' असा आहे. ही परीक्षा देणाऱ्या मुलांना मी बरीच वर्षे शिकवतो आहे. 'ही कविता मला आवडली नाही' असे वाक्य मला आजवर एकाही मार्गदर्शकाच्या नमुना उत्तरात आढळलेले नाही. प्रश्नाने उघडे ठेवलेले दार आपण शिकवणाऱ्यांनीच लावून घेतले आहे.

याच पत्रिकेत रसग्रहणालाही चार गुण असतात. हिंदीतली शाळकरी मुले 'सप्रसंग व्याख्या' लिहितात. मराठीने निवडलेला शब्द त्याहून धाडसी आहे, कारण रसग्रहण म्हटले की रस ग्रहण करणारा कोणी तरी हवाच. मात्र उत्तरासाठी जे तीन मुद्दे मुलांच्या हाती दिले जातात, ते म्हणजे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये. तीनपैकी दोहोंत सौंदर्य आधीच मंजूर! मुलाने फक्त पुरावे जोडायचे.

स्थायीभावाचेही तसेच. भरताने स्थायीभावांबरोबर 33 व्यभिचारी भावही सांगितले. आपल्या तक्त्यात त्यांना जागा नाही. इंदिरा संत यांची 'औक्षण' घ्या. रणांगणावरच्या सैनिकाला ओवाळायला बोलणारीजवळ द्रव्य नाही, अंगात बळ नाही, स्वतःचा जीवही तिला अपुरा वाटतो. इथे दैन्य आहे. मग त्याच्या जिद्दीच्या पावलाचा गर्व येतो आणि शेवटी डोळ्यांतल्या आसवांच्याच ज्योती होतात. कविता जगते ती या ये-जा करणाऱ्या भावांवर. वहीत मात्र 'देशभक्ती' एवढा एकच शब्द उतरतो आणि त्याला गुण मिळतो.

मुलांना गुण हवेत, ते मिळायलाच हवेत. चौकटी मोडून टाका असे मी म्हणत नाही. सरावाच्या वेळी मी एवढेच करतो, की 'न आवडण्याची कारणे' आधी लिहायला सांगतो. अट एकच: कारण कवितेतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून सांगायचे. 'कठीण आहे' हे कारण चालत नाही.

नारायण सुर्वे यांच्या 'दोन दिवस'वर एका मुलाने लिहिले, 'दुःखाची शाळा मला पटली नाही. माझे वडील सेंट्रिंगच्या कामावर जातात. ते संध्याकाळी शिकून येत नाहीत, थकून येतात.' या कवितेचा छापील संदेश 'दुःखाला धैर्याने सामोरे जावे' असा आहे. या मुलाने तो नाकारला होता आणि नाकारण्याचा त्याला पुरता अधिकार होता.

मी त्याला भट्टीची प्रतिमा पुन्हा वाचायला सांगितली. पोलाद शेकावे तसे आयुष्य शेकले, असे म्हणताना सुर्वे 'छान' हा शब्द वापरतात. हा 'छान' कोणत्या आवाजात म्हणायचा? अभिमानाने, की दात आवळून? वर्गात दोन तट पडले. मग एका मुलीने विचारले, पोलादावर कविता संपत का नाही? खरेच, ती तिथे थांबत नाही. वाट पाहण्यात गेलेल्या आणि दुःखात गेलेल्या दिवसांच्या हिशेबाकडे ती परत येते. सुरुवातीला होती तीच बेरीज शेवटीही उरते. शाळा झाली, भट्टी झाली, तरी खाते पुढे सरकलेले नाही. मार्गदर्शक याला 'पुनरावृत्तीने नादमाधुर्य आले आहे' म्हणून मोकळे होतात. मला तो या कवितेतला सर्वांत कडवट क्षण वाटतो. धैर्याचा संदेश शोधत वाचणारा नेमका तोच ओलांडून जातो, कारण त्याचे काम पोलादापाशी झालेले असते. ज्याला कविता पटली नव्हती तो मात्र तिथे अडला.

त्याला आता कविता आवडली असेल, असे मी गृहीत धरले नाही आणि त्याला विचारलेही नाही. दुसऱ्या दिवशी वही आली, तेव्हा उत्तर 'आवडली नाही' असेच होते. खाली 'छान' या शब्दावर तीन वाक्ये वाढली होती.