स्वखुशीने सही

मागच्या महिन्यात मुकादमाने एक कागद आणला. टाइप केलेला, खाली वीसेक नावांची जागा. वर मजकूर असा की आम्ही खाली सह्या करणारे कामगार स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय बारा तासांच्या पाळीला संमती देत आहोत. मी डाळमिलमध्ये आहे, ठेकेदाराचा माणूस. तिथं तुरीचा भुसा सदा उडत असतो, डोळे पुसल्याशिवाय अक्षर लागत नाही. मी डोळे पुसून वाचायला लागलो तर मुकादम म्हणाला, "ए कवी, कविता न्हाई ती. सही मार आन् फुडं दे."

दोस्तहो, 'स्वखुशीने' हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलाय. हा लेख त्याच्यामुळे.

त्याच आठवड्यात कायद्याचं शिकणाऱ्या एका दोस्ताने मला पुस्तकं आणून दिली होती. हा दोस्त स्वतःला स्वतंत्रतावादी म्हणवतो. भला पोरगा आहे, डब्यातलं वाटून खातो, वाद घालताना आवाज चढवत नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सरकार जेवढं कमी तेवढा माणूस मोकळा. सरकारने चोर पकडावा, करार पाळायला लावावा, सरहद्द राखावी. बाकी लोकांनी आपसात राजीखुशीने काय करायचं ते करावं, त्यात सरकारने नाक खुपसू नये. हायेकने १९४४ साली लिहिलं की सगळी आर्थिक योजना सरकारच्या हातात गेली की माणूस गुलामीच्या वाटेला लागतो. अमेरिकेतल्या नोझिकने १९७४ साली लिहिलं की पहाऱ्यापुरतं राज्य ठेवा, त्याच्या पुढचं राज्य म्हणजे माणसाच्या हक्कांवर घाला. माझी शाळा नववीत सुटली. डिक्शनरी घेऊन बसलो, वेळ लागला, पण वाचलं.

आपल्यातले काहीजण अशा पुस्तकाला हात न लावताच 'भांडवलदारांचं' म्हणून बाजूला टाकतात. मला ते जमत नाही. यातलं पुष्कळ मला पटलं. मी जनता वसाहतीत राहतो. आमच्याकडे सरकार पहिल्यांदा येतं ते व्हॅनमधून येतं. सणाच्या आधल्या रात्री पोरं उचलायची, सकाळी सोडायची, का उचललं ते कुणी सांगत नाही. कागदावर नाव चढलं की पुढच्या सणाला परत तीच पोरं. सरकारच्या हाताला दोरी पाहिजे, हे मला कुणा ऑस्ट्रियन पंडिताने शिकवायची गरज नव्हती.

पण त्या पहारेकरी राज्यापाशी मी थबकलो.

पहारेकऱ्याला आपल्या गावात काय म्हणायचे? वेसकर. आणि वेसकर कोण असायचा? माझा पणजा. रात्रभर वेशीवर जागायचं, आला-गेला टिपायचा, सरकारी खजिना पोचवायचा, साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं. मोबदला काय, वतनाचा एक तुकडा, थोडं बलुतं आणि दारोदार मागितलेली भाकरी. पहारा त्याचा, पण वेशीच्या आत त्याला घर नाही. त्याने राखलं ते सगळं दुसऱ्याचं. आता मला सांगा, राज्याने नुसता पहाराच करायचा तर पहारा कशावर? आत ज्याचं काही आहे त्याच्यावर. नोझिकचं पुस्तक चांगल्या डोक्याच्या माणसाचं आहे, पण त्याने पहारेकऱ्याला कधी विचारलेलं नाही की बाबा तू रात्री झोपतोस कुठं.

वतनाची गोष्ट अजून एका कारणाने ध्यानात ठेवा. तिथं सरकार कोण आणि गाव कोण, हे वेगळं काढताच येत नव्हतं. १८७४ च्या कायद्याने इंग्रजाने ही गुलामी पक्की केली आणि तिचा उपभोग पाटील-कुलकर्ण्यांनी घेतला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात वतनाच्या कायद्याला दुरुस्ती मांडली, ती एकाच वेळी सरकारच्या विरुद्ध होती आणि गावाच्याही. वतन कायद्याने सुटलं ते १९५८ साली, म्हणजे बाबासाहेब गेल्यावर. स्वतंत्रतावाद्यांच्या पुस्तकात जुलमी एकच असतो. आमच्या अनुभवात दोघे असतात आणि बऱ्याचदा एका पाटावर जेवायला बसतात.

महाड घ्या. आपण दर वर्षी २० मार्चला महाडला जातो, भाषणं ऐकतो, पण त्यातला कोर्टाचा भाग कुणी सांगत नाही. बोले ठराव १९२३ चा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असं मुंबईच्या कायदेमंडळाने म्हटलं, महाडच्या नगरपालिकेनेही नंतर तसा ठराव केला. म्हणजे सरकारची बंदी नव्हती. बंदी होती ती शेजाऱ्याची, लाठी घेऊन उभ्या असलेल्या. १९२७ च्या मार्चात आपण पाणी प्यालो, आणि डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी सवर्ण कोर्टात गेले. काय म्हणत गेले? धर्म बुडाला म्हणत नाही. चवदार तळं ही खाजगी मालमत्ता आहे म्हणत! माझ्या दोस्ताच्या पुस्तकातला सगळ्यात पवित्र शब्द महाडच्या दाव्यात अगोदरच वापरून झाला होता. हायकोर्टाने तो दावा फेटाळायला १९३७ उजाडलं. पाण्याच्या एका घोटाला दहा वर्षं.

म्हणून आपल्या घटनेतले हक्क नीट वाचा. बहुतेक हक्क सरकारच्या विरुद्ध आहेत. पण कलम १७ अस्पृश्यता संपवतं, कलम २३ वेठबिगार बंद करतं, कलम १५ च्या दुसऱ्या भागात दुकान, हॉटेल, विहीर, तळं आहे. ही कलमं शेजाऱ्यालाही बांधतात, मालकालाही बांधतात. नोझिकच्या राज्यात चहाच्या दुकानदाराने मला कप वेगळा दिला तर तो त्याचा हक्क. त्याचं दुकान, त्याचा कप, त्याची खुशी.

हे सगळं बाबासाहेबांनी १९४७ च्या निवेदनात विचारून ठेवलंय. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' म्हणून ते छापलेलं आहे, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीसाठी लिहिलेलं. शेतजमीन, मोठे उद्योग, विमा हे राज्याच्या मालकीचं करा, आणि तेही घटनेतच लिहा म्हणजे उद्याचं बहुमत ते पुसून टाकणार नाही, अशी त्याची मांडणी. लोक एवढंच सांगतात. पण त्याच्या पुढच्या खुलाशात ते स्वतंत्रतावाद्यांशीच बोलतात. सरकार बाजूला झालं की स्वातंत्र्य उरतं म्हणता, पण ते उरतं कुणाच्या हातात? जमीनदाराच्या हातात खंड वाढवायला आणि मालकाच्या हातात तास वाढवायला. सरकारने सोडलेली जागा रिकामी राहत नाही, तिथं मालक येऊन बसतो आणि त्याला निवडून द्यावं लागत नाही.

तास वाढवायला, हे मी मुद्दाम सांगतोय. कारखान्याचा आठवडा ५४ तासांचा ४८ वर आला तो १९४६ च्या दुरुस्तीने, आणि १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातले दिवसाचे ९ तास १२ पर्यंत न्यायला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ कागदावर तसेच. आणि अट काय घातली, तर कामगाराची लेखी संमती. बघा, सरकार मागे सरलं, माझं स्वातंत्र्य वाढलं आणि मुकादम कागद घेऊन आला.

आपल्याकडच्या स्वतंत्रतावाद्यांत सगळ्यात मोठा माणूस शरद जोशी. त्यांचं आंबेठाण आपल्याच जिल्ह्यात, चाकणजवळ. स्वित्झर्लंडमधली नोकरी टाकून आला, कोरडवाहू शेती केली, चाकणच्या कांद्यापासून आंदोलन उभं केलं. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांत त्यांची पुस्तकं मिळाली ती मी घेतली. शेतकऱ्याची गरिबी देवाने दिलेली नाही, सरकारने धोरण आखून दिलीय, हे त्यांनी आकडे मांडून सांगितलं. कांद्याचा भाव चढला की निर्यातबंदी, हे आपण आजही बघतो. बाई शेतात राबते पण सातबाऱ्यावर तिचं नाव नाही, हे ओळखून त्यांनी लक्ष्मीमुक्ती चालवली. हा माणूस एकटं पडायला भीत नव्हता. २०१० साली राज्यसभेत महिला आरक्षणाच्या विधेयकाला १८६ मतं पडली आणि विरोधात एक, ते यांचं. मला ते मत पटत नाही, पण छाती लागते हे खरं.

आता दोष. त्यांच्या लिखाणात 'शेतकरी' हा एकच शब्द शंभर एकरवाल्यापासून बांधावरच्या मजुरापर्यंत सगळ्यांना पांघरूण घालतो. भाव मिळाला की शेतकरी मजुरी वाढवून देईल, असा हिशोब. माझी आई उसाच्या फडात होती. तिला विचारा, उसाला भाव मिळाला त्या साली मजुरी कुणी कुणाच्या दारात नेऊन दिली. मजुरी भांडून वाढते. शरद जोशींच्या विचारातले कार्यकर्ते आज किसानपुत्र आंदोलनातून सीलिंग, आवश्यक वस्तू आणि भूसंपादन हे तीन कायदे रद्द करा म्हणतात. भूसंपादनाबद्दल मी त्यांच्या बाजूला बसेन, आवश्यक वस्तूंबद्दल ऐकून घेईन, सीलिंगपाशी उठेन. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखांनी लोक तुरुंगात गेले, ते गायरानाच्या आणि पडीक सरकारी जमिनीच्या तुकड्यासाठी. खुल्या बाजारात ती माणसं विकायला काय आणणार होती? हात. आणि हात विकणाऱ्याला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबता येत नाही, कांदा निदान चाळीत ठेवता येतो.

त्यांच्या पुस्तकातली 'व्यक्ती' मी मराठी कथेतही पाहिलीय. पेठेतल्या खिडकीत बसून एकटेपणाने व्याकूळ होते. तिला जात नाही, भाडं थकलेलं नाही, संडासाच्या रांगेत उभं राहायचं नाही. आपल्या लेखकांनी ही व्यक्ती कथेतून हाकलली, बरं केलं. पण त्याबरोबर व्यक्तीच हाकलू नका. १९४८ च्या नोव्हेंबरात घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी गाव हा घटक नाकारला आणि व्यक्ती घेतली. याच पुण्यात जोतीरावांनी १८४७ च्या सुमारास थॉमस पेन वाचला, माणसाचे हक्क त्यातून उचलले, आणि १८८२ साली हंटर कमिशनपुढे सरकारलाच जाब विचारला की रयतेचा पैसा घेता, मग रयतेच्या पोरांच्या शाळेवर का घालत नाही. म्हणजे व्यक्ती आपली आहे. ती हायेकवाल्यांना आंदण दिलेली नाही.

आता आपल्या घरातलं. राग येईल त्याने यावा.

आणीबाणीत सेन्सॉरने 'फ्रीडम फर्स्ट' मासिकाचा मजकूर अडवला, तेव्हा मीनू मसानी मुंबई हायकोर्टात गेले आणि १९७६ साली जिंकले. मसानी स्वतंत्र पक्षाचे, समाजवादाचे कट्टर विरोधी, माझ्या तासांबद्दल त्यांना फारसं काही वाटलं नसतं. त्याच १९७६ साली नामदेव ढसाळांनी इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली. ढसाळ नसते तर मी कविता लिहिली नसती, हे मी कुठंही उभा राहून सांगेन. पण ती कविता वाचताना मी मान खाली घालतो. भाकरीवर लिहिणारा माणूस सत्तेपुढं एवढा मऊ का झाला? आपण केसेसचं, आजारपणाचं, पैशाचं सांगून विषय मिटवतो. मला वाटतं त्यात एक मोठी चूक होती आणि ती त्यांच्या एकट्याची नव्हती. पाटलाविरुद्ध सरकार आपल्याला कामी आलं, म्हणून सरकार आपलं, असं आपण धरून चाललो.

१९५१ ची पहिली घटनादुरुस्ती वाचा. मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने जातवार जागा रद्द केल्या, त्यावर उत्तर म्हणून कलम १५ (४) आलं. आपलं शिक्षण त्याच्यावर उभं आहे. आणि त्याच दुरुस्तीत, त्याच कागदावर, बोलण्याच्या स्वातंत्र्यावर 'सार्वजनिक सुव्यवस्थे'ची मर्यादा आली. बाबासाहेब तेव्हा कायदामंत्री होते. आपण पहिलं कलम पाठ केलं आणि दुसऱ्याकडे बघितलं नाही. ते दुसरं आपल्याकडे बघत होतं. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे २०११ साली धरले गेले, २०१४ ला निर्दोष सुटले. शनिवारवाड्यावरच्या एल्गार परिषदेनंतर जून २०१८ ला परत धरले, यूएपीए खाली, आणि जामीन मिळाला जानेवारी २०२५ ला. साडेसहा वर्षं, आणि खटला उभाच राहिला नव्हता. कबीर कला मंचाची पोरं तर आपल्या पुण्याचीच. स्टॅन स्वामी ८४ व्या वर्षी कोठडीत असतानाच गेले. दोस्ताला मी विचारलं, याच्यावर तुमच्या पुस्तकात काय आहे? तो म्हणाला, "आमच्या विचारात हे बसतच नाही, हा सरळ जुलूम आहे." मग तुम्ही मोर्चात का दिसत नाही म्हटलं, तर तो गप्प झाला. पण मोर्चात आम्ही तरी किती होतो?

पुस्तकं मी परत केली. नोझिकचं ठेवून घेतलंय, पहाऱ्याचा भाग परत वाचायचाय.

आणि मुकादमाच्या कागदावर मी सही केली. घरभाडं पाच तारखेला असतं. फक्त तारखेची जागा मोकळी सोडा असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, तिथं मी त्या दिवशीची तारीख घातली. त्याने कागद बघितला, फाडला आणि दुसरा आणायला ऑफिसात गेला.